कुरेचा चेहरा

शिखा मोहितेला चित्र काढता येत नव्हतं, आणि हे कुणी विचारायच्या आत तीच सांगून टाकायची. तिने काढलेला घोडा शेळीवर गेलेला असायचा आणि शेळी कुणावरच गेलेली नसायची. पण काळी शाई भरण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या ग्वाल्हेरात कुणी नव्हतं. यात फार मोठं काही नाही म्हणा, कारण अख्ख्या ग्वाल्हेरात हे काम करणारी ती एकटीच होती.

काम असं होतं. जयेंद्रगंजातली तिची मैत्रीण मधुवंती मुळे कॉमिकची पानं काढायची. पेन्सिलीने आखायची, मग बारीक निबेने रेघा पक्क्या करायची. जिथे सगळं काळं हवं, रात्र, केस, सावली, तिथे ती निळ्या पेन्सिलीने एक लहानशी फुली मारायची. पानं दर्पण कॉलनीत शिखाकडे यायची, आणि शिखा प्रत्येक फुलीची जागा काळ्या शाईने भरून टाकायची. आधी कडेकडेने बारीक ब्रश फिरवायचा, मग मधलं भरायचं, वाळू द्यायचं, मग दुसरा हात. शेवटी पान खिडकीशी तिरकं धरून कुठे पांढरं राहिलंय का ते बघायचं. फुली शाईखाली कायमची गडप व्हायची, आणि शिखाने किती काम केलं हे कळायला काही मागे राहायचं नाही.

दोघी सहावीपासूनच्या. गोरखीतल्या शाळेत एका बाकावर आल्या आणि त्याच वर्षी त्यांना ती जपानी अ‍ॅनिमे मालिका सापडली. उंच डोंगरावर एक बौद्ध मठ, तिथे शिकायला आलेल्या दोन मुली. मितो ही उजेडाची, तिच्या हातात कायम दिवा. कुरे ही अंधाराची, तिने डोक्यावरून नाकापर्यंत काळं कांबळं ओढलेलं. जगातला अंधार गोळा करून तो सांभाळायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिचा चेहरा मालिकेत एकदाही दाखवला नव्हता. दोघींची शिक्षिका एक म्हातारी भिक्षुणी. ती रागवायची कमी आणि कोडी घालायची जास्त. या तिघींच्या नादाने दोघी मैत्रिणींनी बौद्ध विचार जमेल तिथून गोळा केला होता. अकरावीत असताना दोघींनाही प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द न अडखळता म्हणता यायचा, आणि त्या तो नको तिथेही म्हणायच्या. कशालाच स्वतःचं असं वेगळं काही नसतं, एक असतं म्हणून दुसरं असतं, हे त्यांनी गणिताच्या बाईंनाही ऐकवलं होतं.

मालिका दोन पर्वांनंतर बंद पडली. मितो आणि कुरे एका गुहेत शिरल्या, दिव्याची वात फडफडली, आणि पडदा काळा झाला तो झालाच. आठ वर्षं वाट पाहून दोघींनी ठरवलं की शेवट आपणच करायचा. चोवीस पानांचं कॉमिक. भोपाळला चित्रकथांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे मूळ पानं भिंतीवर लागणार होती. पहिल्या पानावर दोघींची नावं होती, सारख्याच अक्षरात. ती मधुवंतीनेच घातली होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिच्यावर राग यायचा संभव आहे. तेवीस पानं तयार होती. कुरिअरवाला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला येणार होता, आणि चोविसावं पान आत्ता शिखाच्या जेवणाच्या टेबलावर पडलं होतं.

चोविसाव्या पानावर कुरे डोक्यावरचं कांबळं मागे सारणार होती. तिचा चेहरा दिसणार होता.

शिखा या पानाची किती वाट पाहत होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सहावीतल्या त्या पहिल्याच दिवशी मधुवंती म्हणाली होती, "मी मितो, तू कुरे." विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं त्यात कुणालाच काही वाटलं नव्हतं. मधुवंती गोरी, मुळ्यांकडचे सगळेच गोरे. शिखा सावळीच्याही थोडी पुढची. शाळेच्या स्नेहसंमेलनात मधुवंती पांढरी शाल घेऊन दिवा धरून उभी राहिली, शिखा आईची काळी शाल घेऊन. कॉलेजच्या फेस्टमध्ये पुन्हा तेच. तेव्हा मधुवंतीच्या आईने, राजलक्ष्मीकाकूंनी, शिखाच्या गालाला हात लावून अगदी मायेने म्हटलं होतं, "शिखाला बरं आहे, हिला मेकअप लागतच नाही." सगळे हसले. शिखाही हसली. घरी येऊन तिने तोंड धुतलं आणि मग बराच वेळ धूतच राहिली. आपल्याला अशा गोष्टींचं काही वाटत नाही, असं तिने त्याआधी आणि त्यानंतर इतक्यांदा सांगितलं होतं की मधुवंतीने ते खरं धरलं. तेव्हा दोष सगळा एकीच्याच पदरात टाकता येणार नाही.

तर शिखाने प्लास्टिकच्या फोल्डरमधून पान काढलं. कुरेचा चेहरा तिचा होता. रुंद कपाळ तिचं, हनुवटी तिची, आणि डाव्या भुवईतून गेलेला तो व्रणही तिचाच. नववीत स्कूटीवरून पडल्याचा. मधुवंतीने तो बरोब्बर लक्षात ठेवून काढला होता. शिखाला एकदम इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. दहा वर्षं झाकलेला चेहरा, आणि तो आपला निघाला.

मग तिला गालावरची निळी फुली दिसली.

चित्रात दिवा मागच्या खडकावर ठेवलेला होता. एका बाजूला, दिव्याकडे तोंड करून मितो उभी, उजेडात न्हालेली, मधुवंतीसारखंच सरळ नाक आणि मोठे डोळे. दिवा आणि मितो यांच्या मधे, दिव्याकडे पाठ करून कुरे. शिखाने फोन पाहिला. मधुवंतीचा निरोप येऊन पडला होता, "लास्ट पेज जरा संभालके. कुरेचा चेहरा पूर्ण ब्लॅक. कॉन्ट्रास्ट एकदम भारी येईल."

शिखाने फोन उलटा ठेवला. तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि कामाला लागली. गुहेची भिंत भरली, जमीन भरली, कांबळ्याच्या चुण्या भरल्या. जानेवारीची थंडी, बाहेर दुपार झाली तरी धुकं हटत नव्हतं आणि शाई वाळता वाळत नव्हती. ती हीटर जवळ ओढून पुन्हा बसायची. एकेक करून सगळ्या फुल्या संपल्या. गालावरची तेवढी उरली.

तिने ब्रश धुतला. पुन्हा शाईत बुडवला. आणि मितोचा चेहरा भरायला घेतला.

आधी नाकाच्या कडेने, मग ओठांच्या, मग हनुवटीच्या खालून वर. घाई नाही, थरथर नाही. पहिल्यांदाच ती फुली नसलेल्या जागी काळं भरत होती. डोळे भरले तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वाटलं ते समाधानच. तिने दुसरा हातही दिला, नीट, सवयीप्रमाणे. मग खोडरबर घेऊन कुरेच्या गालावरची फुली पुसून टाकली.

ते समाधान शाईची ओली चमक जाईपर्यंत टिकलं. मग टेबलावर नुसतं एक बिघडलेलं पान उरलं. शाईवर खोडरबर चालत नाही, पांढरा रंग लावला तर राखाडी डाग दिसतो, आणि मूळ पानच भिंतीवर लागणार. दोघींनी सात महिने राबून केलेलं काम तिने दहा मिनिटांत वाया घालवलं होतं. आता मधुवंती कॉमिक तर सोडेलच, आपल्यालाही सोडेल, असं शिखाला वाटलं. मधुवंतीवर ती चिडली होती, पण मधुवंतीशिवाय तिला दुसरी मैत्रीण नव्हती.

तेवढ्यात तिचे वडील, हेमेंद्र मोहिते, मफलर गुंडाळून चहाचे दोन ग्लास घेऊन आले. मोहित्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले होते. हेमेंद्र लग्नांना लाइट लावायचे. मॅरेज गार्डनमधल्या माळा, वरातीत डोक्यावर धरायचे दिवे, फोटोसाठीचे हॅलोजन, मागे धूर सोडणारा जनरेटर, सगळं त्यांचं. सध्या खरमास चालू होता, संक्रांत होईपर्यंत लग्नं बंद, त्यामुळे ते घरातच होते आणि कंटाळले होते.

ग्लास ठेवायला जागा शोधताना त्यांची नजर पानावर गेली. त्यांनी मान वाकडी केली.

"लाइट कुठे लावलीय यात?" त्यांनी विचारलं.

शिखाने मागच्या खडकावरच्या दिव्याकडे बोट केलं.

"मग हे गलत झालं बेटा. लाइट हिच्या पाठीशी आहे, तर हिचं तोंड उजळ कसं? आणि ही समोरची लाइटकडे बघतेय, ती काळी." ते थोडं खाली वाकले. "अरे, ही तर तू आहेस."

"हो."

"आणि काळी कोण, मधु?"

शिखाने ग्लास उचलला. हेमेंद्रनी खुर्ची ओढली आणि चहाचा घोट घेतला. मालिका, मितो, कुरे यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना कळायची ती लाइट.

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "दर सीझनला कोणी ना कोणी फोटोग्राफर येऊन माझ्या कानात सांगतो, हेमेंद्रभाई, नवरी रंगाने जरा दबलेली आहे, तिच्या घरच्यांना पावडर जास्त लावायला सांगा. मी कशाला सांगू? मी हॅलोजनचा स्टँड उचलतो आणि दोन हात इकडे ठेवतो. बस. आजपर्यंत माझ्या लाइटमध्ये एक पण नवरी काळी नाही आली. कोणी काळी होतीच नाही. लाइट जागेवर नव्हती."

शिखाला रडू आलं. तिने ते दाबलं नाही. म्हातारी भिक्षुणी हेच सांगायची, कोड्यात घालून. पाचव्या भागात तिने अंगणात दिवा ठेवला होता आणि मितोला विचारलं होतं, कुरे कशी दिसते? दिवा कुरेच्या पाठीमागे होता. मितो म्हणाली, काळी. मग भिक्षुणीने दोघींना जागा बदलायला लावल्या. आता कुरेला मितो काळी दिसली. भिक्षुणीने विचारलं, कुरेचा अंधार गेला कुठे, आणि मितोने तो आणला कुठून? तो भाग शिखाने वीसदा तरी पाहिला असेल. मधुवंतीने तर त्यातलं वाक्य चार महिने स्टेटसला ठेवलं होतं. आणि अंगणातला दिवा बघणाऱ्या या दोघी दहा वर्षं आपापल्या जागेवरून तसूभरही हलल्या नव्हत्या.

"पप्पा, हे मी मुद्दाम केलंय," ती म्हणाली.

हेमेंद्रनी मान हलवली. "मग जाऊन सांग तिला. माझा जनरेटर भर वरातीत बंद पडला, तर मुलीच्या बापाकडे मीच जातो, नोकराला नाही पाठवत. शिव्या खायला आपणच जायचं असतं. चहा पी आणि जा."

शिखा स्कूटीवरून निघाली तेव्हा पाच वाजत आले होते आणि दिवस मावळल्यासारखाच होता. जयेंद्रगंजात मुळ्यांच्या घरी राजलक्ष्मीकाकू ताटाला तूप लावून तिळाच्या वड्या थापत होत्या. "ये ग. हात किती गार पडलेत तुझे," त्या म्हणाल्या आणि एक गरम वडी तिच्या हातावर ठेवली. त्यांच्या मनात कधीच काही वाईट नव्हतं. शिखाला हे माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

वरच्या खोलीत मधुवंती बाकीची पानं पुठ्ठ्यात बांधत बसली होती. "झालं? दाखव ना," ती म्हणाली आणि फोल्डर ओढून घेतला.

तिने पान दिव्याखाली धरलं.

"चुकून झालं का?"

"नाही."

"मतलब?"

"मतलब मी भरलं. बघून, नीट, दोन हात देऊन भरलं."

"तू पागल आहेस का शिखा? उद्या कुरिअर आहे." मधुवंतीचा आवाज चढला. "फुली कुठे होती आणि भरलं कुठे. सात महिने, यार. एक चेहरा काळा करायचा होता फक्त."

"माझा."

"कुरेचा."

"माझा चेहरा काढलास तू. व्रणासकट काढलास. आणि मग त्याच्यावर फुली मारलीस."

"कॉन्ट्रास्टसाठी होतं ते. दिवा मागे आहे, तर समोरून काळंच दिसणार ना."

"दिवा मागे कोणी ठेवला?"

मधुवंतीने पुन्हा पानाकडे पाहिलं. शिखाला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज अगदी साधा निघाला. तिने सगळं सांगितलं. सहावीतलं, स्नेहसंमेलनातलं, काकूंचं मेकअपवालं, आणि त्या रात्री तोंड धूत राहिल्याचं. तेवीस पानांवर कुरे जिथे जिथे आहे तिथे तिथे फुली आहे, आणि त्या सगळ्या आपण आपल्याच हाताने भरल्या, हेही सांगितलं.

"तू हसली होतीस तेव्हा," मधुवंती म्हणाली.

"हसले. मग काय करायचं होतं मी? काकू होत्या त्या."

"मला कसं कळणार मग? तू कधी बोललीच नाहीस."

"आणि तू कधी विचारलंच नाहीस."

खाली काकूंच्या लाटण्याचा आवाज येत होता. मधुवंती पुठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग ती म्हणाली, "खरं सांगू? मला नेहमी वाटायचं की तुला भारी पार्ट मिळाला. कुरेला सगळं येतं. अंधार गोळा करते, राक्षसांशी बोलते, सगळ्यात बेस्ट डायलॉग तिचे. मितोला काय, नुसता दिवा धरून उभं राहायचं. मी कित्येकदा बोर व्हायची."

हे शिखाला नवीन होतं. तिला जरासं हसू आलं आणि त्याचा रागही आला.

"मग जागा बदलायची होतीस," ती म्हणाली. "पाचवा भाग आठवतो?"

"पाठ आहे मला."

"मलाही पाठ आहे. भिक्षुणीने त्यांना जागा बदलायला लावल्या. आपण कधी बदलल्या, मधु?"

मधुवंतीने ते बिघडलेलं पान पुन्हा जवळ घेतलं आणि काळ्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. शाई वाळलेली होती. तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला.

"असं दिसतं होय," ती हळूच म्हणाली. "डोळेच राहत नाहीत. मी फुली मारून पान तुझ्याकडे द्यायची, आणि परत आलं की एकूण पान कसं दिसतं एवढंच बघायची. असा एकेक चेहरा कधी बघितलाच नाही ग." तिने नाक ओढलं. "तोंड काळं केलंस की माझं."

दोघी एकदमच हसल्या, आणि हसता हसता मधुवंती रडायला लागली. शिखाने उरलेली अर्धी वडी तिच्या हातात दिली, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"सॉरी म्हणू?"

"नको. पान काढ. साडेदहाला येतोय तो."

तसल्या कागदाचं एकच पान शिल्लक होतं. मधुवंतीने ते बोर्डावर चिकटवलं आणि पेन्सिल हातात घेऊन थांबली. "दिवा कुठे ठेवू?"

शिखाला वडील आठवले. "उचल तिथून आणि तुझ्याकडे घे."

मधुवंतीने डोळे बारीक करून कागदाकडे पाहिलं. मग तिचा हात सुटला. यावेळी खडकावर दिवा नव्हता. मितो आपल्याकडे पाठ करून उभी होती, एक हात लांब करून तिने दिवा पुढे धरला होता, आणि त्या उजेडात, आपल्याकडे तोंड करून, कांबळं खांद्यावर पडलेली कुरे. कपाळ, हनुवटी, भुवईतला व्रण, सगळं पुन्हा आलं. पहिल्यापेक्षा जरा नीट आलं, कारण मधुवंती मधे मधे मान वर करून शिखाकडे बघत होती, आणि शिखाला कुठे बघावं ते कळत नव्हतं. मितोचा चेहरा पानावर कुठेच नव्हता.

पावणेसातला तिने निब खाली ठेवली, रेघा वाळू दिल्या आणि बोर्ड शिखासमोर सरकवला. शिखाने ब्रश ओला केला. मग ती कागदावर वाकली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिने पाहिलं. निळ्या पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

"फुल्या?"

"नाही मारल्या."

"मग भरू कुठे?"

"तू ठरव," मधुवंती म्हणाली. "तुला कळतं. माझ्यापेक्षा जास्त कळतं."

शिखाला भीती वाटली. बिघडवलेल्या पानाची वाटली नव्हती इतकी वाटली. आजवर कुठे काळं आणि कुठे पांढरं हे तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. उजेड काढता येत नाही, सोडावा लागतो, आणि कुठे सोडायचा हे आता तिच्यावर होतं. तिने गुहेच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. दिव्याभोवती मोठी जागा मोकळी सोडली. भिंत जशी दूर गेली तशी ती दाट केली. मग मितोची पाठ, शालीची कड, केस. कडेने ब्रश फिरवला, मधलं भरायला घेतलं.

आणि लाइट गेली.

खिडकीबाहेर सगळं जयेंद्रगंज काळं झालं. खालून काकूंनी ओरडून सांगितलं की इन्व्हर्टर कालपासून बंद आहे, मेणबत्ती शोधते.

"थांब आता," मधुवंती म्हणाली.

"थांबता नाही येत. ओली कड आहे. आत्ता सोडलं तर मधे रेघ दिसेल."

मधुवंतीने चाचपडत मोबाइल शोधला, टॉर्च लावला आणि शिखाच्या समोर उभी राहून हात उंच धरला. पांढरा गोल उजेड कागदावर पडला. शिखाने मितोची पाठ पूर्ण केली, शालीची टोकं पूर्ण केली, जमिनीवर मितोची लांब सावली ओढली. मधुवंतीने हात बदलला, उजेड हलला, पुन्हा स्थिर झाला. काकू मेणबत्ती घेऊन वर आल्या, दोघींना तसं बघून दारात थांबल्या, आणि मेणबत्ती उंबऱ्यावर ठेवून खाली गेल्या.

आता कुरेचा चेहरा उरला. पांढराशुभ्र कागद, आणि त्यावर बारीक रेघांनी काढलेली शिखा. शिखाने सगळ्यात लहान ब्रश घेतला. गालाला तिने हात लावला नाही, कपाळालाही नाही. पण डोळे अजून रिकामे होते, आणि रिकाम्या डोळ्यांनी कुरेला समोरचं काही दिसलं नसतं. शिखाने एका डोळ्यात काळ्या शाईचा एक थेंब ठेवला. कुरे बघायला लागली.

एवढं मधुवंतीला दाखवावं म्हणून शिखाने मान वर केली. समोर डोळे दिपवणारा उजेड होता आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं. गोरा रंग नव्हता, सरळ नाक नव्हतं. नुसता अंधार, आणि त्यातून येणारा श्वासाचा आवाज.

"मधु, तू दिसत नाहीयेस मला."

"राहू दे," अंधारातून मधुवंती म्हणाली. "हात दुखून राहिलाय माझा. दुसरा डोळा भर."